मानोआच्या पाण्याविषयी, मुक्तास

चि. मुक्ता,


हवाईला निघालीस म्हटल्यावर घरात जो तो तुला समुद्राच्याच गोष्टी सांगतोय. मी मात्र गोड्या पाण्याबद्दल लिहिणार. जन्म पाटबंधारे खात्यात गेला, मला दुसरं काय सुचणार!

तुझ्या मानोआच्या विद्यापीठातच ओढ्याकाठी अळूची खाचरं आहेत. त्या जागेला कानेवाई म्हणतात. काने आणि कानालोआ हे दोघे देव भटकत इथे आले, कानालोआला तहान लागली, तेव्हा कानेने जमिनीत काठी मारली आणि झरा फुटला, अशी कथा आहे. बेटाबेटावर कानेचे असे झरे सापडतात. गोडं पाणी त्याचं, त्यामुळे ते कुणा माणसाच्या मालकीचं नव्हतं. सरदारांनी ते वाटायचं आणि राखायचं, एवढंच.

आणि अळू? आकाशपिता वाकेआचं एक मूल मेलेलं जन्मलं. ते पुरलं तिथे अळू उगवला. त्यानंतर झालेला हालोआ हा माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू हा थोरला भाऊ. तू ज्याच्या वड्यांवर ताव मारतेस तोच. तिकडे त्याचा गड्डा शिजवून, कुटून पोई करतात. या भावाला पाणी लागतं गार आणि वाहतं. साचून तापलं की गड्डा कुजतो. म्हणून ओढ्याचं पाणी पाटाने पहिल्या खाचरात घ्यायचं, तिथून दुसऱ्यात, तिसऱ्यात सोडायचं आणि शेवटी पुन्हा ओढ्यात घालायचं. पाटाने किती उचलावं, यालाही मर्यादा होती: बंधाऱ्याखाली ओढ्यात जेवढं उरेल, त्याहून जास्त नाही. पाट खणताना ज्याने जेवढे हात लावले, तेवढी त्याची पाळी. हे सगळं एमा नाकुइना या बाईंनी 1890 च्या दशकात लिहून ठेवलं. त्या पाण्याच्या तंट्यांचा निवाडा करणाऱ्या अधिकारी होत्या. पाळ्यांवर देखरेख करणारा माणूसही असे. म्हणजे पांझरा नदीवरच्या फडांना पाळीने पाणी सोडणारा आपला पाटकरीच बघून घे!

मला यातली भक्ती हिशेबी वाटते, आणि म्हणूनच पटते. देवाचं म्हणायचं तर परत करावं लागतं. नदीची खणानारळाने ओटी भरून वर तिच्यातच गटार सोडणाऱ्यांना हे जरा जड जाईल.

उसाच्या मळेवाल्यांनी हा हिशेब मोडला. डोंगर पोखरून त्यांनी ओल्या बाजूचे ओढे कोरड्या बाजूच्या उसाकडे वळवले. तुझं विद्यापीठ ज्या बेटावर आहे, त्या ओआहूवरचा वायाहोले कालवा 1916 मध्ये पुरा झाला आणि मूळ ओढ्यांकाठच्या अळूवाल्यांचं पाणी आटलं. 1990 च्या दशकात तिथला साखर कारखाना बंद पडला, तेव्हा पाणी परत मागणारे उभे राहिले. 2000 मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पाणी ही जनतेची ठेव आहे, सरकार तिचं विश्वस्त आहे, आणि ओढ्यात वाहतं राहणं हाही पाण्याचा उपयोगच आहे. हे शेवटचं वाक्य आमच्या खात्यात कुणी बोललं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. समुद्राला मिळालेलं पाणी म्हणजे वाया गेलेलं, हेच आम्ही शिकलो.

पाण्याचा झगडा तिथेच थांबला नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये त्याच बेटावर रेड हिल इथल्या अमेरिकी आरमाराच्या इंधनटाक्यांच्या आवारात इंधन गळालं आणि हजारो घरांच्या नळांतून तेलाच्या वासाचं पाणी आलं. त्या टाक्या दुसऱ्या महायुद्धातल्या, आणि त्यांच्याखाली शंभरेक फुटांवर होनोलुलूला पाणी पुरवणारा भूजलसाठा. लोक रस्त्यावर उतरले. आरमाराच्या मुख्यालयाच्या दाराशी त्यांनी दगड रचून देवस्थान मांडलं. दुसऱ्या वर्षी टाक्या कायमच्या बंद करायचं ठरलं.

कानेवाईत महिन्याच्या पहिल्या शनिवारी कुणालाही कामाला येता येतं. तू जा. फोटो काढायला नको, गुडघाभर चिखलात उतरून तण काढायला जा. आणि पाटाला उतार किती ठेवलाय, ते मला नीट बघून कळव.

तुझा
मामा