मोरूची झूल

नवे कापड अंगावर चढले की ते फाडणारा कोणीतरी जवळच उभा असतो, असा माझा आजवरचा अनुभव आहे. शत्रू सहसा कुणाचे कपडे फाडीत नाही. त्याची आपली गाठ पडते तरी किती वेळा? सदऱ्याची बाही उसवते ती धाकट्या भावाच्या हातून, आणि पातळाचा पदर फाटतो तो कडेवरच्या नातवंडाच्या मुठीत. जवळीक आणि वस्त्र यांचे एकंदरीत फारसे पटत नाही. हा सिद्धांत मी माणसांवरून बांधला होता. त्याचा खरा पुरावा मात्र मला मिळाला तो घोड्यांकडून, आणि तोही यॉर्कशायरातल्या चिखलात.

यॉर्कशायर कुठे, घोडे कुठे आणि ही बाई कुठे, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. १९७४ साली यजमानांच्या डॉक्टरकीच्या मागून मी इकडे आले आणि इथलीच झाले. पुढे नातीने हट्ट धरला आणि तिच्या हट्टापायी आमच्या संसारात एक घोडा आला. घोडा म्हणजे कुमैत रंगाचा, बावीस वर्षांचा म्हातारा. कागदोपत्री त्याचे नाव मर्फी. मला तो पहिल्या दिवसापासून मोरू. वर्षभरात नात विद्यापीठात शिकायला गेली आणि मोरू रीतसर आजीच्या पदरात पडला.

घरामागचे कुरण आम्ही शेजारीणबाईंबरोबर भागीत भाड्याने घेतले आहे. त्यांचा टोबी तेव्हा सहा वर्षांचा, अंगाने आडवा आणि स्वभावाने शाळा सुटल्यावरच्या पोरासारखा. दोघांची पहिल्या आठवड्यातच गट्टी जमली. एक चालला की दुसरा चालायचा, एक थांबला की दुसरा थांबायचा. मला मोठे कौतुक वाटले. पण नोव्हेंबर उजाडला, घोड्यांच्या अंगावर झुली चढल्या, आणि या मैत्रीची किंमत काय ते आम्हांला कळू लागले.

आपल्याकडे झूल म्हटली की पोळ्याचा बैल डोळ्यांपुढे उभा राहतो. आरसे, कवड्या, गोंडे! ती एका दिवसाची मिरवणूक. इथली झूल म्हणजे घोड्याचा रेनकोट. बाहेरून पाणी न शिरणारे जाड कापड, आत कापसासारखी कृत्रिम भरताड, छातीशी बकला आणि पोटाखालून फुलीसारखे जाणारे दोन पट्टे. कापडाची मजबुती ‘डेनियर’मध्ये मोजतात. नऊ हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. ६००ची झूल साधी, १२००ची बळकट, आणि १६८०ची म्हणजे गाढवाने लाथाडली तरी फाटू नये अशी, असे दुकानदार सांगतो. दुकानदाराने टोबी पाहिलेला नव्हता.

खरे पाहता धडधाकट घोड्याला झुलीची फारशी गरज नसते. थंडी वाजली की त्याचे केस उभे राहतात आणि त्यांत हवा अडकून आपोआप रजई तयार होते. शिवाय वाळके गवत पोटात आंबताना जी ऊब निर्माण होते, ती म्हणजे त्याच्या घरातली शेगडीच. पण पावसाने केस चपटे झाले, त्यात वारा सुटला आणि घोडा म्हातारा व हडकुळा असला, की ही रजई आणि ही शेगडी पुरी पडत नाही. मोरूला झूल हवीच होती.

पहिली झूल सहा दिवस टिकली. टोबीने तिची मान धरून ओढली आणि खांद्यापासून पाठीपर्यंत सरळ फाडली. शेजारीणबाईंनी आपण होऊन पैसे दिले. दुसरी झूल फाटली तेव्हा त्यांनी निम्मे दिले. तिसरीच्या वेळी त्या नुसत्याच “अरेरे!” म्हणाल्या. एकेका झुलीला शंभराच्या वर पौंड पडत होते, त्यामुळे तो “अरेरे” मला बराच महाग वाटला. आम्ही एकमेकींना फाटकापाशी भेटायचे टाळू लागलो. त्यातच महिनाभराने पाहते तो टोबीच्याही झुलीला भोक! ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आमचा म्हातारा या वयात नवी विद्या शिकला होता. मला, खरे सांगते, मनातून बरे वाटले.

पण गोष्ट हसण्यावारी नेण्याची राहिली नाही. डिसेंबरातल्या एका सकाळी मोरू कुंपणाच्या कोपऱ्यात थरथरत उभा दिसला. रात्रभर गारांचा पाऊस झालेला, झूल एका अंगाला लोंबत होती, आणि सुटलेल्या पट्ट्यात त्याचा मागचा पाय अडकला होता. तो घाबरून उधळला असता तर पाय मोडता, आणि बावीस वर्षांच्या घोड्याचा पाय मोडला म्हणजे पुढे काय होते हे सांगायला नको. मुलाने पट्टा कापून त्याला सोडवले. डॉक्टरांनी येऊन जखम धुतली. त्याच संध्याकाळी मुलगा म्हणाला, “आई, आता पुरे. दोघांना वेगळं ठेवू या.” शेजारीणबाईंनाही ते पटले. कुरणाच्या मधोमध विजेची पट्टी ताणून दोन भाग केले.

आपल्या जुन्या पागांत हा प्रश्नच उद्भवत नसे. तिथे प्रत्येक घोडा आगाडी-पिछाडीने आपापल्या जागी बांधलेला. शेजाऱ्याच्या झुलीपर्यंत तोंड पोचणार कसे? झूल सुरक्षित राही, खरारा माणूस करी. मोकळ्या कुरणात मात्र घोडा घोड्याचा खरारा करतो. दोघे उलट्या दिशांना तोंडे करून अंगाला अंग लावून उभे राहतात आणि एकमेकांची मान व पाठ दातांनी खाजवतात. या खाजवण्याची आवडती जागा म्हणजे मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नेमकी हीच जागा खाजवली की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असे आढळले. आणि आपण झूल कुठे घालतो? बरोबर त्याच जागेवर! मित्राची पाठ शोधणाऱ्या दातांना कापड लागते. म्हणजे टोबीचा सगळाच उपद्व्याप प्रेमाचा होता असे मी म्हणत नाही. तरुण घोड्यांची दंगामस्ती असते, पुढ्यात गवत नसले की रिकामपणाचा उद्योग असतो. पण त्यात थोडा शोधही असतो.

वेगळे झाल्यावर मोरूची झूल अगदी शाबूत राहिली. तीन आठवडे एक टाका उसवला नाही. मुलगा खूश होता. मी रोज सकाळी गवत घालायला जात असे. चौथ्या आठवड्यात माझ्या लक्षात आले, की झूल नुसती धड नव्हती, ती स्वच्छही होती. पूर्वी तिच्या एका कुशीला नेहमी चिखल असायचा; आता चिखलाचा ठिपका नाही. म्हणजे हा जमिनीला पाठच टेकत नव्हता.

घोडा उभ्याने डुलकी काढतो हे सर्वांना ठाऊक असते. पण स्वप्ने पडतात ती गाढ झोप त्याला आडवे झाल्याशिवाय लागत नाही. आणि आडवे होण्याचा धीर त्याला केव्हा होतो? भोवताली कोणी आपले उभे राहून पहारा देत असेल तेव्हा. मोरूचा पहारेकरी पट्टीपलीकडे होता. पट्टीच्या कडेने येरझारा घालून मोरूने चिखलात पाऊलवाट पाडली होती. गवत अर्धे उरत होते. बरगड्या हाताला लागू लागल्या होत्या. आम्ही झूल वाचवली होती आणि आतला घोडा झिजत चालला होता.

मी फाटकापाशी जाऊन शेजारीणबाईंना हाक मारली आणि ती स्वच्छ झूल दाखवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “टोबीसुद्धा रात्रभर ओरडत असतो. पण तुम्ही रागावलेल्या, मी कशी सांगणार?”

पट्टी काढली. पण यावेळी नियम ठरवले. दोन घोड्यांना गवताचे पाच ढीग, लांब लांब. म्हणजे तोंडाला उद्योग राहतो आणि भांडण होत नाही. कोरड्या दिवशी दोघांच्याही झुली उतरवायच्या आणि पाठ मोकळी ठेवायची. झुलीवर मारायचा कडू फवारा शेजारीणबाईंनी आणला होता, तो पहिल्याच पावसात धुऊन गेला. पट्टे रोज सकाळ-संध्याकाळ तपासायचे. खर्च निम्मा निम्मा, “अरेरे” बंद.

झूल केव्हा घालावी आणि केव्हा काढावी हे खरे तर घोड्यालाच विचारावे. नॉर्वेतल्या संशोधकांनी तसे विचारलेही आहे. २०१६ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की २३ घोड्यांना फळ्यांवरच्या खुणा शिकवल्या. आडवी रेघ म्हणजे झूल घाला, उभी म्हणजे काढा, कोरी फळी म्हणजे आहे ते ठीक. दोन आठवड्यांत सगळे शिकले. आणि पावसा-वाऱ्यात झूल मागू लागले, ऊन पडले की काढायला सांगू लागले. आमच्याकडे फळ्या नाहीत. आम्ही आभाळाकडे बघतो आणि मोरूच्या कानांकडे बघतो.

झुली अजूनही फाटतात. पण आता त्या टाकून देत नाही. लहानपणी आजीजवळ बसून गोधडीचा धावदोरा शिकले होते, तो इथे कामी आला. आतून माझ्या जुन्या इरकलीचा तुकडा, बाहेरून जाड कापडाचे ठिगळ, आणि सुईच्या भोकांतून पाणी शिरू नये म्हणून टाक्यांवर मेण चोळायचे. शेजारीणबाईही हा टाका शिकल्या आहेत. हिवाळ्यात इथे चारच्या आत सूर्य मावळतो; तेव्हा आम्ही दोघी दिवा लावून गवताच्या छपरीत शिवत बसतो. त्यांचा टाका लांब पडतो. मी काही बोलत नाही.

मोरू आता चोवीस वर्षांचा आहे. परवा रात्री पाऊस झाला. सकाळी गेले तर त्याची उजवी कूस चिखलाने माखलेली होती, आणि खांद्यावर वीतभर नवी फाट होती. टोबी शेजारी उभा होता, अगदी साळसूद. मी झूल धुऊन वाळत घातली आणि सुईत दोरा ओवला.