पत्त्यामागे कोण आहे?

भोसरी-चाकणच्या अनेक कारखान्यांत आता तपासणीला माणसाच्या जोडीला कॅमेराही असतो. कास्टिंग पट्ट्यावरून येतं, फोटो निघतो, ‘पास’ की ‘रिजेक्ट’ ते ठरतं. मी लिहितो तो ड्रायव्हर कॅमेऱ्याचं कार्ड आणि लिनक्स कर्नल यांच्या मधला. त्यात सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती कार्डाची मेमरी मॅप करणारी एक ओळ. कॅशसह मॅप करायची की कॅशविना?

कॅश म्हणजे स्टोअरमधलं बिन-कार्ड, साठ्याची नोंद. रॅकवरचा माल न मोजता साठा कळतो, पण रॅकवर दुसऱ्या कुणी हात घातला की कार्ड खोटं ठरतं. रॅमच्या बाबतीत हा सौदा उत्तम. इंटेलचा प्रोसेसर एका फेरीत ६४ बाइट उचलून आणतो आणि पुढचं काम झपाट्यानं होतं. कॅमेऱ्याच्या कार्डावरच्या रजिस्टरमागे मात्र जागतं यंत्र असतं. काही स्टेटस रजिस्टरं नुसती वाचली तरी पुसली जातात; फिफो या रांगेतून वाचलेला आकडा कायमचा बाहेर पडतो. तिथे कॅश चालू ठेवली, तर प्रोसेसर न मागितलेले शेजारचे पत्तेही वाचून टाकतो आणि इंटरप्टची खूण ड्रायव्हरनं पाहण्याआधीच नाहीशी होते. ‘फोटो काढ’ हा हुकूम कॅशमध्येच अडकून राहू शकतो. म्हणून कर्नलचं ‘आयओरीमॅप’ हे फंक्शन कॅशविना मॅपिंग देतं.

पण सरसकट कॅश बंद करणं हेही उत्तर नव्हे. पडद्याच्या फ्रेमबफरमध्ये मुख्यतः लिहायचंच असतं. तिथे लिखाण गठ्ठ्यानं पाठवणारं राइट-कम्बाइनिंग शोभतं. वाचल्यानं ज्यात काही बदलत नाही अशा साध्या मेमरीसाठी २०१५ मध्ये लिनक्स ४.३ नं ‘मेमरीमॅप’ हे वेगळं फंक्शन दिलं.

फोटो मात्र डीएमएनं, म्हणजे प्रोसेसरच्या मध्यस्थीविना, थेट रॅममध्ये उतरतो. इंटेलच्या मशीनवर कॅशचा मेळ हार्डवेअरच राखतं. अनेक आर्म बोर्डांवर तो ड्रायव्हरनं स्वतः घालावा लागतो. तो घालायचा राहिला, तर प्रोसेसरला आधीच्या कास्टिंगचा फोटो दिसू शकतो आणि तडा गेलेला नग चांगल्याच्या नावावर पास होतो. कर्नल कोसळत नाही, लॉगमध्ये एक ओळही उमटत नाही. अशी चूक टेस्टिंगमध्ये सापडेल या भरवशावर राहता येत नाही. ती आधीच टाळावी लागते.

म्हणून नव्या मुलांना मी सांगतो: आधी डेटाशीट उघडा. प्रत्येक रजिस्टरपुढे ते वाचल्यावर काय होतं आणि त्यात आणखी कोण लिहितं, हे पेन्सिलीनं मांडा. मॅपिंगची ओळ त्यानंतर.