जेलची सतरंजी

आमच्या घरात तिला नुसतं सतरंजी कुणी म्हणत नाही. ‘जेलची’ म्हणतात. रविवारी सकाळी जिन्यातून ‘जेलची घेतली का रे?’ अशी हाक जाते आणि समोर नव्यानं राहायला आलेलं बिऱ्हाड दार किलकिलं करून बघतं.

सासरे नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते. पगाराच्या दिवशी घरी येताना ते एकदा मध्यवर्ती कारागृहाच्या विक्री केंद्रात शिरले आणि कैद्यांनी विणलेली ही सतरंजी सायकलच्या कॅरियरला बांधून घेऊन आले. सासूबाईंनी सांगितली होती चादर. ती चादर राहिलीच, असं त्या अजूनही म्हणतात. सासरे जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्या हिशेबात सूट नाही.

विटकरी आणि निळे पट्टे, कडेला पांढरी रेघ, दोन्ही टोकांना सुताच्या गाठी. निळा आता राखाडीकडे झुकलाय, विटकरी मात्र तसाच तांबूस. वीण इतकी घट्ट, की सुई खुपसायची तर बोटाला अंगुस्तान चढवावं लागतं. घडी घालायला दोन माणसं लागतात आणि तीही तिच्या मर्जीनं घालावी लागते. पूर्वीच्या मोडींवरच ती दुमडते. नवी मोड पाडायला गेलात तर मध्येच पोट काढून बसते. चार उंच भिंतींच्या आत जन्मलेली ही, आमच्या घरातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त हिंडली आहे.

त्याच तुरुंगात साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. सासूबाईंना हे पक्कं ठाऊक आहे आणि त्या ते सोयीनं वापरतात. त्या पुस्तकात ‘मुकी फुले’ नावाचं एक प्रकरण आहे. कळ्या तोडून आणणाऱ्या श्यामला आई समजावते ते. पुस्तक जिथलं, सतरंजी तिथली, तेव्हा हिच्यावर खुडलेलं फूल ठेवायचं नाही, असा कायदा त्यांनी करून टाकला आहे. पडलेलं चालेल. त्यामुळे आमची मुलं फुलं ‘तोडत’ नाहीत, झाडाखाली उभं राहून ती पडायची वाट बघतात. कधी फांदीला हळूच धक्का देतात, पण तो आजीची पाठ वळलेली असताना.

संक्रांत सरली की ती माळ्यावरून उतरते. पावसाळाभर कडुनिंबाच्या पाल्यात झोपलेली असते, त्यामुळे पहिल्या सहलीला तिला कडवट वास येतो. मग होळी, रंगपंचमी, पाडवा असं करत अक्षय्य तृतीयेपर्यंत तिची चंगळ. पुढे नाशिकलाही पारा चाळिशी गाठतो, आणि तिला वर टाकून आम्ही पंख्याखाली पसरतो.

मध्यंतरी नवऱ्यानं एक प्लास्टिकची चटई आणली होती. हलकी, धुवायला सोपी, वर मोर काढलेले. नांदूर मधमेश्वरला ती पहिल्या वाऱ्यालाच उठून बाभळीत जाऊन बसली. जेलची उठत नाही. एकदा पसरली की पसरली. आणि मला वाटतं, आमच्या फिरण्याला जे काही वळण लागलं ते तिच्या या जडपणानं. हातात ही गुंडाळी असताना चार ‘पॉइंट’ करून संध्याकाळच्या आत घरी, असं हिंडताच येत नाही. जिथे ती टेकली तिथे तीन-चार तास आपणही टेकायचं. पहिला अर्धा तास काहीच दिसत नाही. मुलं कंटाळतात, मोठी माणसं डबे उघडतात. मग कुठूनतरी तांबटाचा ठोका ऐकू यायला लागतो, आणि तो मघापासून चाललेलाच होता हे कळतं.

सोमेश्वरच्या धबधब्याशी तिचं जमत नाही. खडक उंचसखल, वसंतात पाणी नावाला आणि गर्दी मात्र भरपूर. तिथे ती गाडीतच राहते.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी मात्र ती माहेरी आल्यासारखी पसरते. याला कारण आहे. वर, दहाव्या लेण्यात, नहपान क्षत्रपाच्या जावयाचा, उषवदाताचा, शिलालेख आहे. त्यानं तीन हजार कार्षापण गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातल्या दोन हजारांवर महिना शेकडा एक दरानं व्याज; त्या व्याजातून वर्षावासाला लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण. हिशेब करून बघा, वर्षाचे बरोबर दोनशे चाळीस होतात. मुलांची शेकडेवारी मी याच लेखावर पक्की करून घेतली. गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरचं आजचं गोवर्धन. तेव्हा ते या भागाचं मोठं ठाणं होतं. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी इथल्या विणकरांची पत इतकी होती, की राजाचा जावई त्यांच्याकडे पैसे ठेवत होता. जेलची त्यांच्या वंशातली नव्हे, पण व्यवसायबंधू तर खरीच.

लेण्यांच्याच त्रिरश्मी डोंगराच्या उतारावर फाल्गुनात पळस पेटलेला असतो. पान एक नाही, सगळी फुलं. सकाळच्या उन्हात त्यावर पळसमैनांचा थवा उतरतो आणि असा कालवा करतो की खाली बोलणं ऐकू येत नाही. काळं डोकं, गुलाबी अंग. फुलात चोच खुपसून मध पितात आणि जाताना कपाळाला पराग लावून पुढच्या झाडाचं काम करून देतात. एप्रिलमध्ये हे पाहुणे मध्य आशियाच्या वाटेला लागतात. तोवर जेलचीवर फुलांचा सडा. तळाला काळपट मखमली देठ आणि पुढे पोपटाच्या चोचीसारखी वाकडी पाकळी. धाकटीनं एकदा ती फुलं दाताला लावून पोपट होऊन दाखवलं होतं. भिजलेल्या पळसाचा एक केशरी डाग त्या वर्षापासून उजव्या कोपऱ्यात आहे.

डावीकडचा मोठा पिवळा डाग पळसाचा नाही, तो तिवंधा चौकातल्या रहाडीचा. नाशिकमध्ये रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतात, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. रहाडी म्हणजे पेशवेकाळातले दगडी हौद; ते वर्षभर माती आणि फळ्यांखाली झाकलेले असतात, त्यांच्यावरून गाड्या जातात, रंगपंचमीला उघडतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, पूर्वापार फुलं-पानं उकळून केलेला, आणि त्यात जी उडी मारायची तिला धप्पा म्हणतात. पुतण्यानं तसा धप्पा मारला आणि घरी येऊन निथळत्या अंगानं थेट जेलचीवर बसला. सासूबाईंनी त्याला ठेवणीतलं सुनावलं. मला मात्र तो डाग आवडतो. रानातला वसंत एका कोपऱ्यात, गावातला दुसऱ्या.

नांदूर मधमेश्वरला आम्ही उशिरा जातो, मुद्दाम. गोदावरी-कादवाच्या संगमावर इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा झाला, त्यामागे गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या, आणि पक्ष्यांनी जागा ताब्यात घेतली. १९८६ मध्ये अभयारण्य आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, हा सगळा मान नंतरचा. लोक डिसेंबर-जानेवारीत येतात, कॅमेरे घेऊन. आम्ही मार्चमध्ये जातो तेव्हा पट्टकादंब निघण्याच्या बेतात असतात, थापट्या आणि तलवार बदकं विरळ होत चाललेली असतात. आपण त्यांना ‘आले’ म्हणतो खरे, पण त्यांची घरटी तिकडे उत्तरेत, तेव्हा हे त्यांचं घरी जाणं असतं. मागे राहतात ती इथली माणसं: जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, आणि चोचीला पिवळं टोक, कपाळावर लाल ठिपके असलेलं हळदीकुंकू बदक. चैत्रात हळदीकुंकू असतंच, बदकानं वर्षभर लावलंय एवढंच, असं सासूबाई म्हणतात. डबे आम्ही पाण्याशी उघडत नाही. परतीच्या वाटेवर निफाडकडे कुणाच्या तरी बांधावर, विचारून, जेलची पसरतो. द्राक्षाची तोडणी चालू असते. घडातून गळालेले मणी शेतकरी ओंजळीनं मुलांना देतो आणि पैसे विचारले तर रागावतो.

बसलेल्या जेलचीला उठवलं ते एकट्या टिटवीनं.

गंगापूर धरणाचं पाणी मार्चअखेर मागे सरकतं आणि काठाला भेगाळ, खडीची, उघडी जमीन निघते. तिथे एका बाभळीच्या सावलीत आम्ही बसलो. बसलो म्हणजे टेकतोय तोच एक टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. मग दुसरी. तेच ते, कर्कश, प्रश्न विचारल्यासारखं. पुतण्या म्हणाला, पाण्यावर आली असेल. ती पाण्याकडे जाईना. आमच्यापासून थोड्या अंतरावर उतरायची, चार पावलं तुरुतुरु धावायची, मान खाली-वर करायची, पुन्हा उडून अंगावर यायची. सासूबाईंनी हातातला डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “कुणी हलू नका. पायाखाली बघा.”

सापडायला वेळ लागला. घरटं असं काही नव्हतंच; खडीत एक उथळ खळगा, भोवती चार खडे रचलेले, आणि आत मातकट रंगाची, काळे डाग पडलेली चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली. जेलचीच्या कडेपासून हातभर. थोरली तिथून दोनदा गेली होती.

आम्ही सतरंजी उचलली, डब्यांसकट, चार कोपऱ्यांना चार जण. वीसेक पावलं सरकलो. टिटवी ओरडतच. अजून सरकलो. सावली सुटली. सासूबाई टिटवीकडे बघत पुढे आणि आम्ही चौघं ते ओझं घेऊन मागे, अशी आमची वरात धरणाच्या काठानं निघाली. कुठे थांबायचं हे टिटवीनं ठरवलं. ती गप्प झाली तिथे आम्ही खाली ठेवलं, रणरणत्या उन्हात, आणि डोक्यावर टॉवेल घेऊन धपाटी खाल्ली. तिकडे ती अंड्यांवर जाऊन बसली. दुपारच्या त्या उन्हात ती अंडी उबवत नसते, त्यांच्यावर सावली धरते. टिटवीनं अंडी नदीच्या पात्राजवळ घातली तर पाऊस कमी, उंचावर घातली तर जास्त, असा शेतकऱ्यांचा जुना अंदाज आहे. सासूबाईंनी घरी येऊन जाहीर केलं की यंदा पाऊस बेताचा. तो कसा झाला हे मला आठवत नाही, कारण माझ्या लक्षात राहिलंय ते थोरलीचं वाक्य. ती म्हणाली, “आजी, तिच्या घरात आपण सतरंजी टाकली.”

प्रत्येक सहलीनंतर जेलची झटकावी लागते, आणि झटकण्याआधी वेचावी लागते. कुसळं. वाळलेल्या डोंगरउतारावर बसलात की ती सुतात घुसणारच. सासूबाई आणि दोन्ही नाती गॅलरीत बसून ती एकेक उपसतात. आधी धुवून मग काढू म्हटलं तर फजिती होते. कुसळाची शेपटी पिळलेली असते. ओलावा लागला की पीळ सुटायला लागतो, वाळली की पुन्हा बसतो. त्या फिरण्यानं टोकाचं बी स्वतःला जमिनीत गिरमिटासारखं रुतवून घेतं, आणि मागे फिरलेले केस त्याला उलटं येऊ देत नाहीत. आमची सतरंजी ही त्याच्या लेखी जमीनच. तिला पाण्यात घातलं की कुसळ खूश. म्हणून कोरडी असतानाच वेचायची. मुलींनी एकदा बशीत कुसळावर पाण्याचा थेंब टाकून त्याचं फिरणं पाहिलं आणि मग तासभर दोघी त्याच खेळात. टीव्ही बंद करा म्हणावं लागलं नाही.

वेचलेलं सगळं सुपात गोळा होतं: कुसळं, बाभळीच्या शेंगेचे तुकडे, काटेसावरीचा कापूस, करवंदाची एखादी बी, मुंगळ्याचा पाय. सूप मग गॅलरीतून खालच्या मोकळ्या जागेत रिकामं होतं. झाडून काढायला नको, म्हणून. वर्षानुवर्षं.

परवा आमच्या सोसायटीची बैठक होती. पार्किंगमध्ये. खुर्च्या कमी पडल्या म्हणून सासूबाईंनी थोरलीला वर पिटाळलं आणि जेलची खाली आली. पदाधिकारी खुर्च्यांवर, बाकीचे आम्ही तिच्यावर. विषय पाचवा: मागच्या मोकळ्या जागेत माजलेलं गवत. पोरांच्या मोज्यांत कुसळं जातात, कुणाच्या कुत्र्याच्या कानात गेलं, आणि आता त्यात मुनिया नावाचे कसलेसे पक्षी घाण करतात. तणनाशक मारायचं का, असा ठराव होता. चिटणीसांनी चष्मा काढून विचारलं, “मुळात शहरात हे डोंगरातलं गवत आलं कुठून?”

कुणी काही बोललं नाही. धाकटीनं सतरंजीकडे बघितलं, मग आजीकडे.

“वारा,” सासूबाई म्हणाल्या, आणि मांडीजवळच्या पट्ट्यात राहिलेलं एक कुसळ उपसून त्यांनी कमरेच्या पिशवीत टाकलं. “ठराव पावसाळ्यानंतर घ्या. पिल्लं आहेत त्यात.”

विषय सहावा पाण्याच्या टाकीचा होता.