सोळा बिटांतले आठ

कला शाखेच्या मुलीने यंत्राच्या पोटात हात घालू नये, असा नियम विद्यापीठाच्या पुस्तिकेत मला तरी कुठे आढळला नाही. तरीही वसतिगृहातल्या माझ्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न, तारांची भेंडोळी आणि भोकाभोकांची पांढरी पाटी पाहिली की मैत्रिणी विचारतात, "तू इतिहासाची ना गं?" इतिहासाचीच आहे. आणि आज जे लिहिते आहे तेही एका परीने इतिहासाचेच आहे. फक्त माझ्या साधनांतले सर्वांत जुने साधन १९७६ सालचे आहे आणि ते चाळीस पायांवर उभे आहे.

माझे धाकटे काका बारा वर्षे मस्कतला नोकरीस होते. १९९३ च्या उन्हाळ्यात सुटीवर येताना त्यांनी मुलांसाठी सेगा मेगा ड्राइव्ह हा व्हिडिओ गेमचा कन्सोल आणला. काळा, ऐटबाज, आणि झाकणावर सोनेरी अक्षरांत '१६ बिट' असे इंग्रजीत मिरवणारा. वर्षातला एकच महिना काका घरी असत आणि त्या महिन्यातल्या रात्री बाप आणि दोन मुलगे टीव्हीपुढे मांडी घालून बसत. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. हे सारे ऐकलेले. पुढे काका कायमचे परत आले, मुले मोठी होऊन घराबाहेर पडली, आणि कन्सोल माजघरातल्या भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या खणात गेला.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. गावभागातल्या काकांच्या घराचा तळमजला काही दिवस पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर काढलेल्या गाळात लग्नाचे अल्बम होते, काकूचे पापडाचे डबे होते, आणि हा कन्सोलही होता. काकांनी तो धुतला, उन्हात वाळवला, फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. चालू करून पाहिला नाही. दुरुस्तीवाल्याकडे नेला तो थेट दोन वर्षांनी. त्याने झाकण उघडले आणि न बोलता पुन्हा लावले.

त्या झाकणाखाली काय होते हे मी नंतर पाहिले. चित्र काढणारी मोठी चौकोनी चिप सेगाने केवळ स्वतःसाठी करवून घेतलेली. तिचे पाय केसासारखे बारीक, आणि गाळातल्या ओलीने ते हिरवे पडून जागोजाग तुटलेले. ही चिप बाजारात सुटी मिळत नाही. ती हवी असेल तर दुसरा मेगा ड्राइव्ह शोधून त्याची काढावी लागेल. म्हणजे एक दुरुस्त करायला दुसरा मोडायचा. मला हा हिशोब काही पटला नाही.

पण बाकीच्या काही चिपा जाड पायांच्या, काळ्या, धडधाकट होत्या. पूर आला तेव्हा यंत्रात वीज नव्हती, म्हणून त्या वाचल्या. पहिली मोटोरोलाची ६८०००, चौसष्ट पायांची. झाकणावरचा 'सोळा'चा डौल तो हिचा. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकातही हीच होती. दुसरी झेड-८०, चाळीस पायांची, आठ बिटांची. इंटेलमध्ये १९७१ साली ४००४ हा मायक्रोप्रोसेसर घडवणाऱ्यांपैकी फेदेरिको फाजीन यांनी पुढे झायलॉग ही कंपनी काढली आणि १९७६ मध्ये झेड-८० बाजारात आणला. कितीतरी घरगुती संगणकांचा तो मेंदू होता. १९८८ साली मेगा ड्राइव्ह निघाला तेव्हा त्याची रवानगी मात्र आवाजखात्यात झाली होती. मोठ्या चिपने खेळ चालवायचा आणि याने बाजूला बसून वाजंत्री सांभाळायची! त्याला ठेवण्याचे आणखी एक कारण होते. सेगाचा आधीचा कन्सोल याच झेड-८० वर चाले, आणि एक जोडणी बसवली की त्या जुन्या यंत्राचे खेळ नव्यावर खेळता येत. त्या वेळी सगळा कारभार पुन्हा याच्या हाती येई.

एप्रिल २०२४ मध्ये बातमी वाचली की झायलॉग सुटा झेड-८० बनवणे थांबवणार; शेवटच्या मागण्या १४ जूनपर्यंत. अठ्ठेचाळीस वर्षे अखंड चाललेले उत्पादन. तेव्हा मला माळ्यावरचे गाठोडे आठवले. त्यातला झेड-८० काढून त्याचा छोटा संगणक करावा, असे डोक्यात आले आणि ते जाईना.

काकांना विचारले. ते म्हणाले, "नको. आहे तसा राहू दे."

"पण काका, तो चालणार नाही."

"चालत नाही म्हणून मोडायचा? मग मलाही मोडा की."

यावर मी काय बोलणार? मला चिप दिसत होती आणि त्यांना वर्षातला तो एक महिना. चाळीस पायांचा डाख एकदा काढला की मग तो कन्सोल राहत नाही, डबा राहतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी विषय सोडून दिला. तो काढला काकूने, चार-पाच महिन्यांनी, दिवाळीच्या फराळाच्या वेळी आणि माझ्या तोंडून नव्हे. "अहो, या माजघराची तुळई कुठल्या वाड्यातली, सांगा बघू तिला," ती म्हणाली. ती तुळई काकांच्या आजोबांनी पाडलेल्या एका वाड्यातून विकत आणलेली आहे. तिच्यावर चौकोनी खाचा आहेत. त्या वाड्यात त्यांत काहीतरी बसत असेल, इथे काहीच बसत नाही. लहानपणी आम्ही त्या खाचांत गोट्या लपवत असू. काकांनी वर पाहिले, चिवड्याचा घास संपवला आणि म्हणाले, "झाकण फेकू नकोस." एवढीच परवानगी.

डाख काढणे हे संयमाचे काम आहे. जुना डाख वितळायला नाखूश असतो. त्यावर आधी थोडा ताजा डाख लावायचा, दोन्ही एकजीव झाले की पंपाने ओढून घ्यायचा. एका पायाला घाई केली तर पाटीवरचा तांब्याचा पट्टा पायाबरोबर उचकटून येतो. झेड-८० ला मी दोन संध्याकाळी दिल्या. मग त्याची स्वतःची ८ किलोबाइटची स्मृती, २४ पायांची आवाजाची चिप, आणि वीज ५ व्होल्टवर आणणारे दोन ७८०५ हेही काढून घेतले. ६८००० मात्र तशीच ठेवली. तिला सोळा तारांची रुंद स्मृती लागते, तारांचे जंगल होते. काकांना हे अजिबात आवडले नाही. "अगं, झाकणावर सोळा लिहिलंय आणि तू आठवाला उचललास?"

चिप जिवंत आहे की नाही हे पाहण्याची एक सुंदर रीत आहे. तिच्या माहितीच्या आठही तारा रोधांमार्फत शून्यावर बांधायच्या. झेड-८० च्या भाषेत शून्य या आज्ञेचा अर्थ 'काहीही करू नकोस, पुढे जा'. मग तो पहिल्या घरात जातो, तिथे काही नाही. दुसऱ्यात जातो, तिथेही नाही. अशी ६५,५३६ घरे फिरून पुन्हा पहिल्याशी येतो. सेकंदाला दहा लाख ठोके दिले तर या एका फेरीला पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. सर्वांत वरच्या पत्त्याच्या तारेला ट्रान्झिस्टरमार्फत एक तांबडा दिवा जोडला की तो सेकंदाला चारेक वेळा लुकलुकतो. माझा लुकलुकला. गाळातून निघालेली चिप रिकाम्या घरांतून फेऱ्या मारत होती. मी अर्धा तास काहीच न करता ते पाहत बसले.

पुढच्या जुळणीला सुटीचे दोन महिने गेले. कार्यक्रम साठवण्याची चिप नवी आणावी लागली, कारण खेळाच्या काडतुसातला मजकूर कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो. ती आणि दोन ओळींचा, सोळा अक्षरांचा पडदा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणला. कळफलक मात्र नको होता. कन्सोलच्या हातातल्या खेळणीवर मोजून आठ बटणे आहेत: चार दिशा, ए, बी, सी आणि स्टार्ट. एका बाइटमध्ये बिटेही आठच! खेळणीच्या आतली छोटी चिप ही बटणे दोन हप्त्यांत सांगते; ती एकत्र केली की अंगठ्याने थेट आकडा लिहिता येतो. हात दुखतो, पण लिहिता येतो.

८ किलोबाइट म्हणजे ८१९२ घरे. १९८१ साली इंग्लंडात सिंक्लेअरचा झेडएक्स-८१ हा घरगुती संगणक अवघ्या एका किलोबाइटवर विकला जाई, त्या मानाने मी श्रीमंत. पण आजच्या युनिकोड पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते, तेव्हा हा लेख त्यात मावणार नाही. पडद्याला मुळात देवनागरी येतही नाही. पाच बाय आठ ठिपक्यांची आठ अक्षरे तेवढी आपण घडवून देऊ शकतो. मी 'सांगली' घडवले. दोन घरांच्या मधे काचेतच फट असल्याने शिरोरेषा तुटते. मराठीच्या आमच्या बाईंनी ते पाहून "शुद्धलेखन बरोबर आहे," एवढाच अभिप्राय दिला.

आता तो संगणक काकांच्या माजघरात आहे, जुन्याच काळ्या झाकणाखाली. बेरजा करतो, तारीख सांगितली तर वार सांगतो, आणि काकांच्या आग्रहास्तव एक खेळही आहे: पडद्यावर एक ठिपका येतो, त्याला उडी मारून चुकवायचे. सोळा घरांचा पडदा, त्यात खेळ तो काय असणार? पण काकांचे अंगठे त्या बटणांना न पाहता ओळखतात, हे मी पहिल्यांदा पाहिले. धाकट्या मुलाला फोनवर ते म्हणाले, "चित्र नाही रे, ठिपका आहे. पण बटणं तीच."

आवाजाची चिप अजून जोडायची आहे. कन्सोलमध्ये तिला हुकूम देणारा हाच झेड-८० होता, तेव्हा दोघांची ओळख जुनी आहे. अडचण ठोक्यांची. तिला सेकंदाला सुमारे ७६ लाख ठोके लागतात, आणि तपकीर गल्लीत मला मिळाला तो ८० लाखांचा क्रिस्टल. त्यावर ती चालेल. पण जुन्या खेळातल्या सुरांचे आकडे जसेच्या तसे दिले, तर सगळे संगीत जवळजवळ अर्धा स्वर चढे वाजेल. योग्य क्रिस्टल मागवायला हवा, त्याला महिना लागेल, असे मी काकांना सांगितले.

"चढा तर चढा," ते म्हणाले. "तू लाव."