केसाएवढी फट

सुट्टीत गल्लीत क्रिकेट चालले होते. माझ्या अकरा वर्षांच्या धाकट्या भावाच्या उजव्या डोळ्यावर चेंडू बसला. ना रक्त, ना सूज, डोळा पांढराशुभ्र. आईने थंड पाण्याची पट्टी ठेवली आणि आम्ही निर्धास्त झालो. रात्री ओकाऱ्या सुरू झाल्या. मेंदूलाच मार बसला असणार, असे सर्वांनी ठरवून टाकले. 'वर बघ' म्हटले की डावा डोळा वर जाई, उजवा तिथेच अडे. एका दिव्याचे दोन दिसत.

इस्पितळात सी.टी. स्कॅन काढला. मी वाणिज्य शाखेचा. या यंत्राबद्दल नंतर वाचले. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे असे चित्र निघाले, आणि हाउन्सफील्ड व कॉर्मॅक यांना त्यासाठी १९७९ चे नोबेल मिळाले. साधा क्ष-किरण फोटो म्हणजे ताळेबंद, सगळे एकावर एक. सी.टी. म्हणजे रोजकीर्द, पानामागून पान!

डॉक्टर कन्नड बोलणारे. आईचे कन्नड बाजारापुरते, म्हणून दुभाषी मी. 'कण्णिगे एनू आगिल्ल', डोळ्याला काही झालेले नाही, एवढे तिला कळले आणि तिने हात जोडले. पुढचे माझ्या वाट्याला आले. चेहरा समोरून कापत न्यावा तशी ती चित्रे. हाड पांढरे, हवा काळी. खोबणीचा तळ म्हणजे कागदासारखे पातळ हाड, त्याखाली गालातली पोकळी. मोठ्या माणसाचे हे हाड फुटून खाली पडते. मुलांचे लवचिक; ते झडपेसारखे उघडते आणि पुन्हा मिटते. फट केसाएवढीच होती, पण डोळा खाली वळवणारा स्नायू तिने मिटताना चिमटीत धरला होता. ओकाऱ्या त्या ओढीने. नाडीही त्यानेच मंदावलेली. थांबलो तर रक्तपुरवठा तुटून स्नायू निकामी होण्याची भीती.

'निकामी' हा शब्द मी आईला सांगितलाच नाही. 'उद्या सकाळी छोटे ऑपरेशन आहे,' एवढेच म्हणालो. तिने सही केली. भाषांतरातली ही अफरातफर तिला अजून ठाऊक नाही. हा अंक घरी न्यावा की नाही, ते ठरलेले नाही.

स्नायू सुटला. नाक शिंकरायचे नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. हवा फटीतून डोळ्यामागे शिरते म्हणे. ते मात्र मी शब्दशः भाषांतरित केले. अगदी वर पाहिले की धाकट्याला अजून छताचे दोन पंखे दिसतात. खरा कोणता ते आपल्याला कळते, असे तो म्हणतो.