जयणा

बार्शीच्या बाजारपेठेत डाळीच्या व्यापारात ज्यांच्या घराची तिसरी पिढी उभी आहे, त्या घरातील बा जूनच्या अखेरीस लेस्टरला निघाल्या, तेव्हा त्यांच्या सामानात साड्यांपेक्षा डबेच अधिक होते. खाखरे, मूग, सुंठ, घरी कुटलेली हळद आणि या सर्वांच्या वर, नीट घडी घालून ठेवलेले, पाणी गाळण्याचे जाड सुती कापड. साजूक तुपाची बरणी मात्र मुलाने फोनवरूनच काढायला लावली होती. भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ इंग्लंडात नेता येत नाहीत. बांनी बरणी कपाटात परत ठेवली आणि जाताना एकदा वळून तिच्याकडे पाहिले.

बापूजींच्या निधनाला दोन वर्षे झाली होती. मुलगा बारा वर्षांपासून लेस्टरला नोकरीत होता. सून तेथेच जन्मलेली, गुजराती जैन घराण्यातील. तिच्या माहेरचे लोक 1972 साली युगांडातून निर्वासित होऊन इंग्लंडात आले होते. नात नऊ वर्षांची. सहा महिन्यांचा व्हिसा, म्हणजे संपूर्ण चातुर्मास तेथेच जाणार होता. पाहुणे म्हणून चार दिवस राहणे वेगळे आणि व्रत-नियम घेऊन चार महिने राहणे वेगळे, याची जाणीव बांना होती. म्हणूनच डबे अधिक होते.

पहिल्याच सायंकाळी त्यांच्या लक्षात तीन गोष्टी आल्या. शीतकपाटात एकावर एक रचलेले सात-आठ डबे होते. सून रविवारी चार दिवसांची भाजी व डाळ करून ठेवीत असे, कारण पतिपत्नी दोघेही सकाळी साडेसातला घर सोडत. भांडी धुण्याचे यंत्र दिवसातून एकदाच, भरले म्हणजे चालत असे. तोवर सकाळच्या उष्ट्या थाळ्या त्यात तशाच पडून राहत. आणि ओट्यावर एकच स्पंज होता, तो शेगडीलाही आणि ताटांनाही. न्हाणीघराचा प्रश्न मुलाने आधीच सोडवला होता. तेथे त्याने पाण्याची नळी बसवून घेतली होती, त्यामुळे कागदाची अडचण उरली नव्हती. स्वयंपाकघराचा प्रश्न मात्र नळी बसवून सुटणारा नव्हता.

रात्र ओलांडलेले शिजवलेले अन्न बांच्या दृष्टीने वासी, म्हणून अभक्ष्य. उष्टी थाळी दोन घडींहून, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांहून अधिक काळ पडली की तीत जीवोत्पत्ती होते, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेले व पाळलेले. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपल्यापुरते मूग वेगळ्या पातेल्यात उकडायला सुरुवात केली, नळाला सुती कापड बांधले आणि जेवणाच्या वेळी त्या दोन खाखरे घेऊन खिडकीपाशी बसू लागल्या. जुलैत तेथे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळूनही कुटुंबासोबत जेवायला भरपूर वेळ होता. तरीही टेबलावरची चौथी खुर्ची रिकामीच राहू लागली.

मौनाला आवाज नसतो असे नाही. एके रात्री बांच्या कानावर सुनेचे शब्द पडले. ती पतीला म्हणत होती, "त्यांना वासी चालत नाही, हे मला समजते. पण मी सकाळी ताजी केलेली पोळीही त्यांनी घेतली नाही. माझ्या हातचेच त्यांना चालत नाही." मुलाने काय उत्तर दिले ते बांना ऐकू आले नाही. बहुधा त्याने काही उत्तर दिलेच नाही.

आषाढी चौमासी आली आणि खाखऱ्यांचा काळही मोजला जाऊ लागला. मिठाई-खाखऱ्यासारख्या पदार्थांना हिवाळ्यात तीस, उन्हाळ्यात वीस आणि चातुर्मासात पंधरा दिवसांची मर्यादा पाळण्याचा त्यांचा रिवाज. पंधराव्या दिवशी डबा रिकामा झाला. त्या दिवशी बांनी केवळ मुगावर भागवले. सुनेने ते पाहिले, पण आता तीही विचारीनाशी झाली होती. एका घरात दोन स्वयंपाक होऊ लागले की भांडी वेगळी होतात, आणि भांडी वेगळी झाली की बोलणेही वेगळे होते.

अशातच ती घटना घडली.

श्रावणातील एका दुपारी नातीला शाळेची सुट्टी होती. बा तिला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. मुलाने त्यांना एकदा समजावून सांगितले होते की तेथील कायद्याने दूध, अंडे, मासे, मोहरी, तीळ अशा चौदा पदार्थांची नावे घटकांच्या यादीत ठळक दाखवावी लागतात, कारण त्यांची काहींना ॲलर्जी असते. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या बांना इंग्रजी अक्षरे सावकाश लावता येत. त्यांनी फळांच्या रंगाच्या मऊ गोळ्यांचे एक पाकीट उचलले, चष्मा सरसावून यादी पाहिली, एकही ठळक शब्द नाही याची खात्री केली आणि पैसे दिले. नातीसाठी परदेशात स्वतः काही विकत घेण्याचा तो त्यांचा पहिलाच प्रसंग होता.

घरी येऊन त्यांनी पाकीट फोडले आणि एक गोळी पुढे केली. नातीने ती घेतली नाही. तिने पाकीट उलटून मागची बारीक अक्षरे वाचली आणि अगदी सहज म्हणाली, "बा, यात जिलेटिन आहे. आपण नाही खात."

जिलेटिन म्हणजे जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला चिकट पदार्थ. युरोपात तो बहुतेक डुकरांपासून मिळवतात. ॲलर्जीच्या चौदा नावांत त्याचा समावेश नाही, म्हणून तो ठळक छापला जात नाही. तो इतर शब्दांसारखाच साध्या अक्षरांत, कोपऱ्यात निमूट पडलेला असतो. बांनी पाहिले होते, पण वाचले नव्हते. सहा दशके ज्या हाताने पाणी गाळल्यावाचून प्याले नाही, त्या हातात ती गोळी तशीच राहिली.

सायंकाळी सून आली, तेव्हा बांनी स्वतःच तिला सर्व सांगितले. सांगताना त्यांचा आवाज कापत होता. सुनेने त्यांना दोष दिला नाही. तिने खणातून एक जुनी वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. पहिली पाने तिच्या आजीच्या हातची, गुजराती अक्षरांत. नंतरची आईची, मग तिची स्वतःची, आणि शेवटच्या पानांवर नातीचे वेडेवाकडे अक्षर. ई 120 म्हणजे कोचिनियल किड्यांपासून काढलेला लाल रंग. ई 904 म्हणजे लाख, तीही किड्यांचीच. ई 471 वनस्पतीच्या तेलापासूनही बनतो आणि चरबीपासूनही, म्हणून विचारल्यावाचून घ्यायचा नाही. चीजमध्ये रेनेट कोणते, वासराच्या जठरातले की वनस्पतिजन्य, हे पाहायचे. बिस्किटे, सूप, दही, पाव, प्रत्येकाचे वेगळे पान होते.

पुढच्या रविवारी विहीणबाई आल्या आणि त्या वहीची कथा त्यांनी सांगितली. इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी नव्वद दिवस दिले, तेव्हा त्या शाळेत शिकत होत्या. एका पेटीनिशी कुटुंब आले. तेव्हा पाकिटांवर आजच्याइतकी माहिती नसे. त्यांच्या आईला इंग्रजी येत नव्हते, म्हणून मुलीकडून ती कारखान्यांना पत्रे लिहून घेई: आपल्या बिस्किटात चरबी आहे काय? काहींची उत्तरे येत, काहींची येत नसत. ज्यांचे उत्तर येत नसे, ती बिस्किटे घरात येत नसत. विहीणबाई हसून म्हणाल्या, "तेव्हा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर देरासर नव्हते, बा. आमचे देरासर म्हणजे हीच वही."

तेथील देरासर बांनी पर्युषणात पाहिले. पूर्वी ते ख्रिस्ती प्रार्थनामंदिर होते. 1988 साली तेथे प्रतिष्ठा झाली, आणि आज श्वेतांबर व दिगंबर मंदिरे एकाच छताखाली आहेत. संवत्सरी प्रतिक्रमणानंतर मिच्छामि दुक्कडम् म्हणताना बांनी सर्वांत आधी सुनेकडे पाहून हात जोडले. दोघींनाही त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

त्यानंतर मात्र सासू-सून हिशेबाच्या वह्या घेऊन बसावे तशा बसल्या. बांनी विचारले, सुनेने सांगितले. शीतकपाट पाच अंशांच्या खाली का ठेवायचे. पाकिटावरचे "यूज बाय" म्हणजे त्या तारखेनंतर खाणे धोक्याचे, आणि "बेस्ट बिफोर" म्हणजे केवळ चव-दर्जा उतरण्याची शक्यता. शिजवलेला भात तासाभरात थंड करून आत ठेवावा आणि चोवीस तासांत संपवावा, कारण त्यातील काही जिवाणूंचे बीज शिजवूनही मरत नाही. हे ऐकून बा क्षणभर थांबल्या. "म्हणजे तुमचे शास्त्रही वासी भाताला भितेच म्हणायचे," त्या म्हणाल्या. सून म्हणाली, "भिते, पण एक दिवसाची सूट देते."

बेलग्रेव्ह रोडवर मिठाईच्या दुकानाच्या दारावर हिरवे-काळे लेबल होते. सरकारी तपासणीत शून्य ते पाचपैकी मिळालेला स्वच्छतेचा अंक. बा ते बराच वेळ पाहत राहिल्या. "पाच अंक सांगतात की भांडे स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या, "भांड्यात काय आहे, ते आपल्यालाच पाहायला हवे." स्वच्छता आणि शुद्धी यांतील अंतर याहून थोड्या शब्दांत सांगता येणे कठीण. स्वच्छता दुसरा तपासून देऊ शकतो. शुद्धी ज्याची त्याने राखायची असते. परंतु बांना आता हेही उमगले होते की आपण राखतो तेवढीच शुद्धी, असे मानणे हा तिचाच एक दोष आहे. ज्या घराला त्या ढिले समजत होत्या, तेथे पन्नास वर्षे अखंड जयणा चालली होती. तिचे रूप सुती कापडाचे नव्हते, एवढेच.

तडजोड दोन्ही बाजूंनी झाली. बा असेपर्यंत डाळ-भात रोज ताजा होऊ लागला, कारण तो करणारे हात घरात होते. उष्टी थाळी लगेच विसळायची, यंत्रात मग खुशाल ठेवायची, हे सुनेने कायमचे मान्य केले. शेगडीला वेगळा स्पंज आला. आणि बा टेबलावरच्या चौथ्या खुर्चीवर बसू लागल्या. "तुम्ही गेल्यावर रविवारचे डबे पुन्हा भरतील, बा. खोटे कशाला सांगू?" सून म्हणाली. बांनी मान हलवली. ते त्यांना पटले नव्हते, पण खोट्या आश्वासनापेक्षा ते त्यांना अधिक चालणारे होते.

डिसेंबरात सूर्य चारच्या आतच मावळू लागला. मुलगा-सून कामावर, म्हणजे बांनी पुन्हा एकटीने जेवायचे. पण शाळा सुटली की नात धावत येई, दप्तर टाकून हात धुई आणि बांच्या शेजारी पोळीचा तुकडा घेऊन बसे. निघताना बांनी सुती कापड नळालाच बांधलेले ठेवले. नात म्हणाली होती की ती ते रोज धुईल.

बार्शीला परतल्यावर पुतण्याच्या मिठाईच्या दुकानात त्या सहज डोकावल्या. सुट्या मिठाईच्या थाळीपुढे कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिणे ऑक्टोबर 2020 पासून आपल्याकडेही बंधनकारक आहे. थाळीपुढे पाटी होती, पण तारीख मागच्या आठवड्याची. बांनी बोट दाखवले. पुतण्या हसला. "काकी, ते कोण वाचतो?"

"माझी नात वाचते," बा म्हणाल्या, आणि नवी तारीख लिहिली जाईपर्यंत तेथेच उभ्या राहिल्या.