शांत बसणं आणि गप्प बसणं

पुणे

ती. ताईस,


परवा फोनवर तू विचारलंस, "सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमचं शिक्षक-प्रशिक्षण सांभाळायच्या त्या मार्जोरी साइक्स, त्यांच्यातलेच का गं हे पॅलेस्टाइनमधले क्वेकर? आणि तासभर नुसतं शांत बसून तिथलं काय बदलणार?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हो, त्यांच्यातलेच. दुसऱ्याचं फोनवर मावेना, म्हणून हे पत्र.

जेरुसलेमच्या उत्तरेला साधारण पंधरा किलोमीटरवर डोंगरावर रामल्ला आहे. एके काळी छोटं गाव, आता गजबजलेलं शहर. तिथल्या मुख्य रस्त्यावर 1910 साली बांधलेलं, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं एक दगडी सभागृह आहे. आत वेदी नाही, प्रवचन देणारा धर्मगुरू नाही, ठरलेल्या प्रार्थना नाहीत. रविवारी सकाळी लोक येतात आणि बाकांवर शांत बसतात. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर उभं राहून चार वाक्यं बोलायची आणि पुन्हा बसायचं. शेवटी शेजाऱ्याशी हात मिळवला की उपासना संपली. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, ही त्यांची मूळ श्रद्धा. म्हणून युद्ध नको, आणि म्हणूनच सभेच्या कामकाजात मतदानही नको. सगळ्यांचं मन एका जागी येईपर्यंत थांबायचं. रामल्लातले सभासद मोजके आहेत. पण त्यांची मुळं खोलवर गेलेली आहेत.

ती मुळं एका मुलीपासून सुरू होतात. 1869 मध्ये एलाय आणि सिबिल जोन्स हे अमेरिकन क्वेकर दांपत्य रामल्लात आलं होतं. पंधरा वर्षांच्या आसपासच्या मिरियम करम या मुलीनं त्यांना गाठलं आणि गावात मुलींची शाळा काढा म्हणाली. शिकवणार कोण, असं त्यांनी विचारलं. "मी," असं तिनं उत्तर दिलं, अशी आठवण तिथे अजून सांगतात. त्या वर्षी शाळा सुरू झाली. पुढे 1889 मध्ये मुलींसाठी वसतिगृहाची शाळा आली, 1901 मध्ये मुलांची. मुसलमान आणि ख्रिस्ती मुलं एका बाकावर शिकली. पॅलेस्टिनी नेत्या हनान अश्रावी याच मुलींच्या शाळेत शिकल्या. तुर्की सुलतान गेला, इंग्रज आले नि गेले, जॉर्डन आला, 1967 मध्ये इस्रायली सैन्य आलं. शाळा तिथेच आहे.

या जोन्स दांपत्याचा पुतण्या म्हणजे रूफस जोन्स. 1917 मध्ये 'अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी' स्थापन करणाऱ्यांपैकी एक. त्याची गोष्ट तुला मुद्दाम सांगायची आहे, कारण पॅलेस्टिनींची बाजू घेणाऱ्यांना ज्यूंचं दुःख दिसत नाही, असं फार सहज म्हटलं जातं. नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीत ज्यूंची सिनेगॉग जाळली गेली, दुकानं फोडली गेली. पुढच्याच महिन्यात पंच्याहत्तरीला आलेला रूफस जोन्स दोन सोबत्यांना घेऊन बर्लिनला गेला आणि थेट गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या कचेरीत शिरला. ज्यूंना मदत पोचवू द्या, एवढीच मागणी. अधिकारी वरिष्ठांना विचारायला आत गेले. त्या खोलीत हे तिघे माना खाली घालून, रविवारी बसतात तसे, शांत बसून राहिले. अधिकारी परतले ते परवानगी घेऊनच. त्याच सुमारास ब्रिटिश क्वेकर इतरांच्या बरोबरीनं ज्यू मुलांना ब्रिटनमध्ये आणण्यासाठी झटत होते. महायुद्ध सुरू होईपर्यंत जवळपास दहा हजार मुलं पोचली. या आणि अशा कामांसाठी 1947 चं शांततेचं नोबेल पारितोषिक अमेरिकन आणि ब्रिटिश क्वेकरांच्या संस्थांना मिळून दिलं गेलं.

पुढच्याच वर्षी पॅलेस्टाइन फुटलं. सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. जुलैच्या उन्हात लिद्द आणि रामले या गावांतून हाकलली गेलेली माणसं चालत चालत डोंगर चढून रामल्लाला आली. सभागृहाचे बाक सरकवले गेले आणि तिथे कुटुंबं राहू लागली. जिथे एरवी तासभर कुणी बोलत नसे, तिथे आता तान्ही मुलं रडत होती. पुढे शेजारच्या अमारी या निर्वासित छावणीतल्या लहानग्यांसाठी रामल्लाच्या क्वेकरांनी बालवर्ग चालवला.

गाझात तर त्याहून मोठं काम अंगावर पडलं. संयुक्त राष्ट्रांच्या विनंतीवरून 1948 च्या अखेरीस अमेरिकन क्वेकरांनी तिथल्या दोन लाखांवर निर्वासितांची जबाबदारी घेतली. पीठ, दूध, तंबू, रेशनकार्डं, मुलांच्या शाळा. एप्रिल 1950 पर्यंत त्यांनी ते ओढलं आणि मग संयुक्त राष्ट्रांच्या नव्या संस्थेकडे सोपवलं. पण जाताना स्पष्ट सांगून गेले: या लोकांच्या परतण्याचा, हक्काचा राजकीय प्रश्न न सोडवता नुसतं रेशन वाटत राहिलो तर माणसं आतून खचतील. आज पाऊणशे वर्षांनी त्या छावण्यांतल्या नातवंडा-पतवंडांचं काय झालं, ते तू बातम्यांत पाहतेसच. ताई, ते आठवलं की घास उतरत नाही.

रामल्लाच्या सभेचं कामकाज वर्षानुवर्षं जीन झारू यांनी पाहिलं. जन्म 1940 चा, रामल्लातलाच. आठ वर्षांच्या असताना त्यांनी आपल्या घरात निर्वासितांना आसरा घेताना पाहिलं. 2008 मध्ये अहिंसेवरचं त्यांचं पुस्तक आलं. त्या सांगतात ते आपल्याला परकं वाटू नये. हिंसा फक्त बंदुकीतून येत नाही. दवाखान्यात जायला लागणारा परवाना, मधेच बंद केलेला रस्ता, बुलडोझरनं पाडलेलं घर, हीसुद्धा हिंसाच. आणि अहिंसा म्हणजे सोसत बसणं नव्हे, तर अन्यायाला नकार देत उभं राहणं. 1988 मध्ये पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे पॅलेस्टिनी उठावाच्या काळात इस्रायली लष्करी हुकमानं वेस्ट बँकेतल्या शाळा बंद पडल्या, क्वेकरांच्याही. तेव्हा लोकांनी घराघरांत वर्ग भरवले. ते वर्गही बेकायदा ठरले. मुलांना घरी बसवून शिकवणं हा गुन्हा! हे वाचून तुझ्यातली शिक्षिका पेटून उठेल, माहीत आहे.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. 2002 पासून पॅलेस्टाइनमध्ये जागतिक चर्च परिषदेचा एक सोबत-कार्यक्रम चालतो. त्याचं ब्रिटन आणि आयर्लंडमधलं काम क्वेकर बघतात. स्वयंसेवक तीन महिन्यांसाठी जातात. 2023 पर्यंत बेथलेहेमच्या इस्रायली तपासणी नाक्यावर पहाटे चारच्या आधीपासून मजुरांची रांग लागायची. स्वयंसेवक अंगात जाकीट घालून आणि हातात मोजणीचं छोटं यंत्र घेऊन उभा राहायचा. एक माणूस पुढे सरकला की एक खटका. किती जण पलीकडे गेले, किती जणांना परत पाठवलं, फाटक किती वाजता उघडलं, सगळी नोंद. हेब्रॉनमध्ये हे लोक मुलांबरोबर शाळेपर्यंत चालत जायचे. स्वयंसेवकांना होणारा त्रास इतका वाढला की 2019 च्या सुरुवातीला तिथून स्वयंसेवक मागे घ्यावे लागले. मुलांना मात्र त्याच वाटेनं जावं लागत होतं.

म्हणजे शांत बसणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. 2018 मध्ये ब्रिटनच्या क्वेकरांनी ठरवलं की पॅलेस्टिनी भूभागावरच्या इस्रायली ताब्यातून नफा कमावणाऱ्या कोणत्याही कंपनीत आपल्या मध्यवर्ती संस्थेचा पैसा गुंतवायचा नाही. ब्रिटनमधल्या ज्यूंच्या प्रातिनिधिक मंडळानं कडाडून टीका केली. ज्यांच्या मुलांसाठी आपण धावलो, त्यांच्यातल्यांनी नाराज होणं क्वेकरांना सोपं गेलं नसणार. तरी निर्णय राहिला. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकन क्वेकर संस्थेनं 'न्यूयॉर्क टाइम्स'मधली आपली जाहिरात रद्द केली. गाझासंबंधी 'वंशसंहार' या शब्दाऐवजी 'युद्ध' लिहा, असं वृत्तपत्रानं सुचवल्याचं संस्थेनं जाहीर केलं. ती शब्द बदलायला तयार नव्हती.

ऑक्टोबरात पॅलेस्टाइनमध्ये ऑलिव्हची तोडणी सुरू होते. झाडं इस्रायलनं बांधलेल्या भिंतीपलीकडे अडकली असतील तर शेतकऱ्याला फाटक उघडेपर्यंत शिडी खांद्यावर घेऊन थांबावं लागतं. अशा वेळी त्याच्याबरोबर थांबणारं कुणीतरी असतं, एवढं मात्र या लोकांनी सांभाळलं आहे.

गुडघा कसा आहे? आणि संध्याकाळी तुझ्याकडे अभ्यासाला येणाऱ्या मुलींना मिरियमची गोष्ट सांग. तिचं वय सांगायला विसरू नकोस.

तुझी,
धाकटी